टॅक्सीसारखी दिसते? दिसू दे!

जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींमध्ये एक शिवी आहे. शिवी म्हणून कुणी ती देत नाही, पण लागते तशीच. "इंटिरियर जरा टॅक्सीसारखं झालंय." प्रीमियर पद्मिनीच्या सीटवर कापडी कव्हर असलं, छताला फुलाफुलांचं रेक्झिन असलं, डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेला असला, की हे वाक्य आलंच. मग उपाय सुचवले जातात आणि ते दोनच असतात. एक, सगळं उपसून 'फॅक्टरी ओरिजिनल' करा. दोन, सगळं उपसून चौकटीच्या शिवणीचं टॅन लेदर, निळे एलईडी आणि मधोमध टचस्क्रीन बसवा. या दोन गटांचं आपसात अजिबात पटत नाही, पण 'सगळं उपसून' यावर मात्र त्यांचं एकमत आहे.

माझं भांडण त्या एकमताशी आहे.

आधी 'ओरिजिनल'चं बघू. फियाट ११०० डिलाइट १९६४ पासून कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनायला लागली. १९७४ मध्ये तिची पद्मिनी झाली आणि थोड्याफार फरकाने तीच गाडी शतक संपेपर्यंत निघत राहिली. लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे. एवढं थांबून हातात यायचं ते रंगवलेल्या पत्र्याचं डॅशबोर्ड, साधं रेक्झिन आणि खाली रबरी मॅट. डिलिव्हरी घेतली की पहिली फेरी देवळात आणि दुसरी कुशनवाल्याकडे. इतक्या कष्टाने मिळालेलं रेक्झिन मळू नये म्हणून त्यावर लगेच कव्हर चढायचं. म्हणजे आजोबांच्या गाडीची जी 'ओरिजिनल' अवस्था तुम्ही लाखभर खर्चून परत आणणार, तीत ती गाडी जेमतेम आठवडाभर होती! बाकीची चाळीस वर्षं ती घरच्यांनी केलेल्या गाडीसारखी दिसत होती. मग ओरिजिनल कोणती?

आमची पद्मिनी १९८६ ची, मुलुंड पूर्वेला उभी असते. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, पुढे सलग बाकडं. गेल्या पावसाळ्यानंतर आत कुबट वास यायला लागला म्हणून मी सीट काढायला घेतल्या. सोसायटीच्या बोर्डावर 'आवारात वाहनदुरुस्ती करू नये' अशी पाटी आहे, त्यामुळे पुढचं बाकडं जिन्याने तिसऱ्या मजल्यावर चढवलं. तीन रविवार ते हॉलमध्ये होतं आणि घरचे त्यावर बसून टीव्ही बघत होते. मुंबईच्या उपनगरात 'होम गॅरेज' म्हणतात ते हेच. व्हिडिओत दिसणारं शटरवालं, भिंतीवर पाने टांगलेलं गॅरेज इथे कुणाच्या नशिबात नाही, आणि ते नाही म्हणून घरी काम होत नाही हेही खरं नाही.

सीट उसवत गेलं की थर लागतात. सगळ्यात वर आजीने पडद्याच्या कापडातून शिवलेलं कव्हर. त्याखाली बाबांनी बसवलेलं मरून रेक्झिन, त्यावर बिडीने पडलेलं भोक आणि त्या भोकावर मोच्याने सोल्युशन लावून चिकटवलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. त्याखाली फॅक्टरीचं मूळ रेक्झिन, तडकलेलं. मग काथ्या, मग गोणपाट, मग स्प्रिंगा. आमच्या धंद्यात जुना कोड बदलताना आधी 'गिट ब्लेम' बघतात. ही ओळ कुणी, कधी आणि का लिहिली? वेडगळ वाटणारी ओळ बऱ्याचदा कुठल्यातरी जुन्या बगवरचा उपाय निघते. आजीच्या कापडाचंही तसंच. एसी नसलेल्या गाडीत मे महिन्यात रेक्झिनला पाठ चिकटते, सुती कापड घाम पितं. तिने ते हौसेने नाही, विचार करून लावलं होतं. लेदर बसवणाऱ्यांनी एकदा भर दुपारी घाटकोपरच्या सिग्नलला अडकून दाखवावं.

बरं, खरं जे बिघडलेलं असतं ते या कव्हरांमध्ये नसतंच. विंडशील्डचं रबर कडक होतं, तिथून पाणी झिरपतं, रबरी मॅटखालच्या नमद्यात मुरतं आणि फ्लोअरचा पत्रा खालून नाही, आतून सडतो. काथ्या ओल धरतो, वास त्याचा. यासाठी रबर बदला, पत्रा घासून प्रायमर लावा, काथ्या नवा भरा. स्वस्तात फोमचा जाड ठोकळा घातलात, तर तुम्ही दोन बोटं उंच बसाल आणि गुडघा स्टिअरिंगला घासेल. एलईडी आणि अँप्लिफायरबद्दल तर काय बोलावं! जुन्या मॉडेलमध्ये डायनॅमो आहे, फ्यूज मोजके आहेत आणि वायरिंग तुमच्यापेक्षा वयाने मोठं आहे. त्यावर हा भार टाकून गाडीला आग लागली, तर 'जुन्या गाड्यांचा भरवसा नाही' म्हणू नका.

कायदासुद्धा या सोवळ्याच्या बाजूने नाही. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिथे अट आहे ती चासी, बॉडी शेल आणि इंजिनात मोठे बदल नसण्याची. सीटच्या कापडाचा रंग सरकार विचारत नाही. उलट तशी नोंद झाल्यावर गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल एवढंच. ऐंशीच्या दशकातली पद्मिनी तर अजून त्यातही बसत नाही. म्हणजे ती कायद्याने वापरातलीच गाडी आहे. तिच्याशी तुम्ही देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखं का वागताय?

आता मूळ शिवीकडे येतो. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी धावत नाही, वीस वर्षांच्या वयोमर्यादेत शेवटचीही गेली. तोवर काच फिरवायचा दांडा, दाराचं रबर, छताच्या तारा, पॅनलच्या क्लिपा हे सगळं कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळायचं, कारण टॅक्सीवाल्यांना ते रोज लागायचं. पद्मिनीची सीट डोळे मिटून शिवणारे कारागीर त्यांच्याच जिवावर जगले. खासगी मालकांनी मारुती घेऊन ही गाडी कधीच सोडली होती. आता जे 'शुद्ध' रिस्टोरेशन करतायत, ते टॅक्सीवाल्यांनी जिवंत ठेवलेल्या सुट्या भागांवर आणि हातांवर करतायत, आणि नाक टॅक्सीलाच मुरडतायत. याला माझ्याकडे एकच शब्द आहे: माज. २०१५ मध्ये 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमात डिझायनर मुलामुलींनी मुंबईच्या टॅक्सींच्या सीटा आणि छतं स्वतःच्या नक्षीच्या कापडाने मढवली, तेव्हा हेच इंटिरियर सगळ्यांना 'कूल' वाटलं. टॅक्सीवाल्याने स्वतः निवडलं की भडक, डिझायनरने निवडलं की कला!

एखादी पद्मिनी संग्रहालयात ठेवायची असेल, तर ती कुर्ल्याहून निघाली तशीच हवी, शेवटच्या स्क्रूपर्यंत. संस्थानिकांसाठी एकेकच बनलेल्या गाड्यांनाही हा नियम लागू. पण सोसायटीत उभ्या असलेल्या हजारात एक गाडीला तो लावण्यात अर्थ नाही.

आमच्या पुढच्या सीटला काथ्या नवा आहे, स्प्रिंगा जुन्याच, वर आजीचं कव्हर धुऊन, अस्तर लावून पुन्हा चढवलंय. ट्यूबचा तुकडाही खाली तसाच आहे. मागच्या सीटचं काम बाकी आहे. तिचं कव्हर विरलंय आणि मंगलदास मार्केटमध्ये तसलं कापड आता मिळत नाही. आईने लाल चौकड्यांचं पसंत केलंय. पुढचं निळं, मागचं लाल.