आधी अर्थिंग, मग मेगाहर्ट्झ

पालघर-माहीम पट्ट्यातल्या कुठल्याही गेमर पोराला विचारा, ग्राफिक्स कार्डाचा क्लॉक किती मेगाहर्ट्झने वाढवलाय हे तो झोपेतही सांगेल. त्याच घराच्या अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे मात्र त्याला माहीत नसतं, त्याच्या बापाला माहीत नसतं आणि वायरिंग करून गेलेल्या वायरमनला आठवत नसतं. पाऊण लाखाचं मशीन, सप्तरंगी पंखे, समोर काच. मग पडदा काळा पडतो आणि बोंब उठते, "काका, कार्ड गेलं!"

बहुतेक वेळा कार्ड गेलेलं नसतं. अक्कल गेलेली असते, आणि तीही एकट्या पोराची नव्हे.

मी राहतो माहीमला आणि बोईसरच्या एका कारखान्यात विद्युत देखभालीचं काम करतो. साहजिकच शेजारपाजारची मशिनं माझ्या गळ्यात पडतात. मध्यंतरी असंच एक आलं. गेम सुरू केला की थोड्या वेळात पडदा काळा, पंखे मात्र सुसाट. दुकानदाराचा निकाल तयार होता: नवीन कार्ड घ्या. पोराने ड्रायव्हर बदलले होते, विंडोज नव्याने टाकलं होतं, व्हिडिओ बघून क्लॉक चढवला होता. प्लग मात्र कुणी बघितला नव्हता. त्याची तिसरी, जाड पिन मुळातून कापलेली होती, कारण एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचा होता. मीटरची एक वायर कॅबिनेटच्या पत्र्याला आणि दुसरी जमिनीत नीट पुरलेल्या पाइपला लावली, तर काटा शंभराच्या पुढे. मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून एकेक छोटा कपॅसिटर पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग नसलं की तो पत्रा २३० व्होल्टच्या निम्म्यावर लोंबकळत राहतो. "हात लावला की मुंग्या येतात, पण चालतं," असं पोराची आई सांगत होती. चालतं! याच पत्र्यातल्या पोर्टमध्ये मग टीव्हीची एचडीएमआय वायर मशीन चालू असतानाच खुपसतात आणि पोर्ट जळलं की कंपनीच्या नावाने खडे फोडतात.

काळ्या पडद्याचं कारण मात्र वेगळं निघालं. एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ४५० वॅट. खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणाकार करा: १९२ वॅट. कार्डाला १७० वॅट लागतात, प्रोसेसर वेगळा, आणि वर पोराने क्लॉक चढवलेला. खोट कार्डात नव्हतीच, खोट त्या स्टिकरमध्ये होती. हा गुणाकार दुकानदाराने विकताना करायचा असतो. त्याने तो केला नाही, आणि बिघाड झाल्यावर निदान म्हणून सर्वांत महागड्या वस्तूकडे बोट दाखवलं. याला दुरुस्ती म्हणायचं असेल तर विक्री कशाला म्हणायचं?

आता क्लॉक चढवण्याच्या, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच्या भक्तीबद्दल. एके काळी तो गरिबाचा हुशार जुगाड होता. १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००ए ही स्वस्तातली चिप आणली. मदरबोर्डवरच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तीनशेची ती चिप साडेचारशेवर पळायची. दीडपट वेग, तोही फुकट! आज काय होतं? २०१२ पासून ग्राफिक्स कार्डं उष्णता आणि वॅट बघून स्वतःच क्लॉक चढवतात. जी काही मलई होती ती कंपनीने आधीच काढून घेतलीय. वर खोक्यावर 'ओसी' छापून ती जास्त पैशांना विकलीय. तुमच्या वाट्याला उरतात चार-पाच टक्के. त्यासाठी मोजायची किंमतही ऐका. चिप खात असलेली वीज क्लॉकच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन्ही पाच-पाच टक्के चढवा, वीज सोळा टक्क्यांनी वाढते. ती सगळी खोलीत उष्णता म्हणून बाहेर पडते. मे महिन्यात, पत्र्याखाली, केळव्या-माहीमच्या दमट हवेत. कशासाठी? साठाच्या जागी त्रेसष्ट फ्रेम दिसाव्यात म्हणून, ज्या डोळ्याला ओळखूही येत नाहीत.

उलट व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवून क्लॉक तोच ठेवला, तर तीच चिप जवळजवळ एकोणीस टक्के कमी वीज खाते. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. प्रत्येक चिप इतकं सोसेलच असं नाही, पण थोडंफार बहुतेक सोसतात. आवाज कमी, उष्णता कमी, आयुष्य जास्त. पण त्याची फुशारकी मारता येत नाही, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. शेजारच्या तारापूरकडे बघा. अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या तेव्हा २१० मेगावॅटच्या होत्या. तांत्रिक अडचणी आल्यावर त्या १६० वर उतरवल्या गेल्या आणि पुढे दशकानुदशकं चालल्या. उतरवण्यात कमीपणा असतो, असं तिथल्या अभियंत्यांना वाटलं नाही. आमच्या दहावीतल्या पोराला वाटतं.

आणि हे सगळे धडे घ्यायचे कुठून? थंड, कोरड्या देशात, स्थिर विजेवर चाचण्या घेणाऱ्यांच्या व्हिडिओंमधून. त्यांच्याकडे समुद्राची खारी हवा नाही. इथे तांब्यापितळेच्या भांड्यांना आठवड्यात कळंक चढतो, मग स्लॉटमधल्या पिना काय सुटणार? तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचा धूर आहेच. प्रदूषणाच्या केंद्रीय निर्देशांकात २०१८ मध्ये हे क्षेत्र देशात अव्वल होतं. पावसाळ्यात लाइट दिवसातून कितीदा जाते ते मोजायचं मी सोडून दिलंय. जाते त्याने नुकसान कमी होतं, येते तेव्हाच्या झटक्याने जास्त. डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० च्या जागी थेट चारशेच्या घरात व्होल्टेज येऊ शकतं. तिथे तुमचा पंचवीस मेगाहर्ट्झचा पराक्रम काय करणार?

बाजारही या अडाणीपणावर पोसलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि रात्रंदिवस राबवलेली कार्डं जगभर विक्रीला आली. जुनं कार्ड घेणं पाप नाही. पंखा, थर्मल पेस्ट, पॅड न तपासता 'घरगुती वापर' म्हणून घेणं हा मूर्खपणा आहे. दुसरे महाभाग हीट गनवाले. मेलेली चिप शेकून जिवंत करून देतात, हजार-दीड हजार घेतात, पंधरा दिवसांत पडद्यावर पुन्हा रंगीत ठिपके. दोष पुष्कळदा चिपच्या पोटातल्या सोल्डरमध्ये असतो. एनव्हिडियाने २००८ मध्ये असल्याच सदोष चिपांपायी कोट्यवधी डॉलर बाजूला काढून ठेवले होते. तो दोष बाहेरून शेकून जात नाही, तात्पुरता झाकला जातो.

निदानाला शिस्त लागते, आणि ती फुकट आहे. आधी प्लग, अर्थिंग, न्यूट्रल. हे काम वायरमनचं, पोराचं नव्हे. मग क्लॉक, व्होल्टेज सगळं मूळ जागी. मग मशीन बंद करून प्लग काढा, धूळ झाडा, कार्डाच्या सोनेरी पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कार्ड पुन्हा नीट बसवा. स्लॉट ७५ वॅट देतो आणि आठ पिनांची वायर १५०. ती अर्धवट खुपसलेली नाही ना, ते बघा. मग तापमानाची नोंद. मग सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा. तरीही पडदा काळा पडला तर कार्ड दुसऱ्या, धडक्या एसएमपीएसच्या मशीनमध्ये लावा. तिथे चाललं तर कार्ड निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्या आणि मशीन चाललं, तर कशामुळे चाललं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

एवढं करायला कारखान्यातली नोकरी लागत नाही. पुढच्या वेळी दुकानदार "कार्ड गेलं" म्हणाला, तर दुसऱ्या मशीनवर लावून दाखव, असं त्याला तिथेच सांगा. कां-कूं करू लागला, तर कार्ड उचला आणि दुकानाची पायरी उतरा.