‘सर’ सुधारतील, पण शाळा कुठे आहे?



दरवर्षी 5 सप्टेंबर आला की आपल्याच ग्रुपवर ठराविक क्लिप फिरू लागतात. वर्गात दंगा चाललाय, मागच्या बाकावरची पोरं मास्तरची टिंगल करताहेत, मग एक करारी ‘सर’ येतात आणि दोन-अडीच तासांत सगळी पोरं सरळ होतात. खाली लिहिलेलं असतं, "असा एक शिक्षक मिळाला तर समाज बदलेल." हे वाक्य फक्त सवर्ण लिहितात असं नाही. वस्तीत मोफत शिकवणी वर्ग चालवणारे आपले कार्यकर्तेही लिहितात, म्हणून हा लेख. माझं म्हणणं सरळ आहे : हे वाक्य आंबेडकरी विचाराच्या विरोधात जातं, आणि ते डोक्यात ठेवून काम केलं तर आपल्याच पोरांचं नुकसान होतं.

साचा कुठून आला आणि आपल्याकडे त्याचं काय झालं

1955 साली अमेरिकेत ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ नावाचा चित्रपट आला. न्यूयॉर्कची एक दांडगट शाळा, हातात चाकू घेणारी मुलं आणि त्यांना वळण लावू पाहणारा गोरा मास्तर. त्यात सिडनी पॉइटिए हा काळा नट विद्यार्थी होता. बारा वर्षांनी, 1967 मध्ये ‘टू सर, विथ लव्ह’ आला आणि तोच पॉइटिए आता मास्तर झाला. हा चित्रपट ई. आर. ब्रेथवेट यांच्या 1959 च्या आत्मकथनपर पुस्तकावर बेतलेला. ब्रेथवेट ब्रिटिश गयानाचे, उच्चशिक्षित, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात काम केलेले. तरी लंडनमध्ये त्यांना इंजिनिअरची नोकरी मिळाली नाही, कारण कातडी काळी. शेवटी ते ईस्ट एंडच्या गरीब गोऱ्या पोरांचे मास्तर झाले.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्या. तिथे शिकवणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या तुडवल्या गेलेल्या समाजातून आला होता. वर्गात एका मिश्रवंशीय मुलाची आई वारते, तेव्हा त्याच्या घरी फुलांचं चक्र घेऊन जायला गोरी मुलं कचरतात, लोक काय म्हणतील म्हणून. शेवटी ती अंत्ययात्रेला जातात. चित्रपटाचा खरा कणा हा आहे. ‘सर’ आणि ‘मिस’ म्हणायला शिकवणं, शिष्टाचार, म्युझियमची सहल हे सगळं त्याच्या भोवतीचं.

आता हाच साचा हिंदीत आला तेव्हा काय झालं ते बघा. 1974 चा ‘इम्तिहान’. विनोद खन्ना प्रोफेसर आहे, पोरं दंगेखोर आहेत, सगळं तेच. पण मास्तरचं आडनाव शर्मा! गोष्टीतलं सगळं उचललं, फक्त काळेपण मागे ठेवलं. म्हणजे ज्या एका गोष्टीमुळे मूळ कथेला अर्थ होता, तीच गोष्ट कस्टमवर अडवली गेली. 2011 मध्ये ‘आरक्षण’ आला. त्यात दलित शिक्षक आहे, दीपक कुमार; पण भूमिका सैफ अली खानला. आणि गोष्टीचा नायक तो नाहीच. नायक आहे तत्त्वनिष्ठ प्रिन्सिपॉल प्रभाकर आनंद, म्हणजे अमिताभ बच्चन, जो तबेल्यात मोफत वर्ग काढतो. आरक्षणाच्या नावाचा चित्रपट, आणि प्रश्नाचं उत्तर काय? एका चांगल्या सवर्ण माणसाचं मोठं मन.

एकलव्याचा अंगठा मागणाऱ्या परंपरेला आता ‘देणारा गुरू’ दाखवायचा आहे. पण गुरूची गादी सोडायची नाही.

नागपूरचा ‘झुंड’

मग ‘झुंड’चं काय, असं तुम्ही विचाराल. 4 मार्च 2022 ला तो लागला तेव्हा आपण थिएटरात शिट्ट्या मारल्या. मारायलाच हव्या होत्या. हिंदीच्या एवढ्या मोठ्या पडद्यावर भीमजयंती डीजेसकट, नाचणाऱ्या पोट्ट्यांसकट आली, आणि महानायक बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभा राहिला. हे नागराज मंजुळे यांनीच करून दाखवलं.

गोष्टही आपल्या गावची. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि 2001 मध्ये त्यातून झोपडपट्टी फुटबॉल उभं राहिलं. बारसे सरांच्या कामाबद्दल या लेखात एकही वाकडा शब्द नाही. ते काम एवढी वर्षं टिकलं, कारण ते एका माणसाच्या प्रेमावर न ठेवता त्याची संस्था झाली.

‘झुंड’ पण नुसता ‘सर सिनेमा’ नाही. त्यात कॉलेज आणि वस्ती यांच्या मधली भिंत आहे. ती ओलांडायला मनाई करणारी पाटी आहे. रिंकू राजगुरूने केलेली आदिवासी मुलगी मोनिका आहे. पासपोर्टसाठी तिला आणि तिच्या बापाला आपण कोण हे सिद्ध करत दारोदार फिरावं लागतं. या देशात जन्मलेल्या माणसाला आपण इथलेच आहोत हे कागदाने पटवावं लागतं, आणि कागद देणारा टेबलामागून वर बघत नाही. मंजुळेंनी हे दाखवलं म्हणून तो चित्रपट इतरांपेक्षा चार पावलं पुढे आहे.

पण क्लिप कोणती फिरते? भिंतीची नाही. मोनिकाच्या बापाची नाही. फिरते ती बच्चनच्या कोर्टातल्या भाषणाची. पोट्टे वस्तीचे, घाम वस्तीचा, खेळ वस्तीचा, आणि त्यांच्या माणूसपणाचं प्रमाणपत्र मात्र त्या एका आवाजात. बाजाराला तेच हवं होतं आणि आपणही तेच फॉरवर्ड केलं.

बेशिस्त नेमकं कोण?

आता आपल्याच गावची दुसरी गोष्ट सांगतो, जिच्यावर कुणी कोटींचा चित्रपट काढलेला नाही.

जाईबाई चौधरी. जन्म 1892, उमरेडकडचा. लहानपणी लग्न झालं, शिक्षण थोडं झालेलं. पोटासाठी नागपूर-कामठी रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहायच्या. मिस ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईंच्या लक्षात आलं की या हमाल बाईला वाचता येतं. त्यांनी मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली, महिना 4 रुपये. आणि मग अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे पालकांना कळलं. ओरड झाली, नोकरी गेली, जाईबाई पुन्हा ओझी वाहायला लागल्या. पुढे 1920 च्या दशकात त्यांनी नागपुरात आपल्या मुलींसाठी चोखामेळा कन्याशाळा काढली. 1937 मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या वेळी याच शहरात त्यांना जेवणाच्या पंगतीत वेगळं बसवलं गेलं. आपल्या बायकांनी निषेधाची सभा घेऊन त्याला उत्तर दिलं. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये हा सगळा इतिहास नोंदवून ठेवला, म्हणून आज आपल्याला तो माहीत आहे.

लंडनच्या वर्गात दंगेखोर पोरांनी काळ्या मास्तरला शेवटी आपलं म्हटलं. नागपुरात दंगा पोरांनी केलाच नाही. इथे प्रतिष्ठित, नीटनेटक्या, वेळेवर फी भरणाऱ्या पालकांनी शिक्षिकेला हाकललं. मग सांगा, बेशिस्त वर्ग कोणता?

बाबासाहेबांच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग तुम्हाला ठाऊक आहे. शिक्षकांनी फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं आणि सगळा वर्ग ओरडत फळ्याकडे धावला, कारण फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे होते. आपला ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ हा आहे. त्या वर्गात शांत आणि अभ्यासू कोण होतं, आणि उधळलेली झुंड कोण होती? त्या झुंडीला सुधारायला कुठल्या ‘सरां’वर अजून चित्रपट निघाला?

आणि आजही बेशिस्तीचा शिक्का कुणावर बसतो? हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला आणि त्याच्या चार दलित साथीदारांना हॉस्टेलमधून काढलं गेलं, ते शिस्तीच्याच नावाखाली. 17 जानेवारी 2016 ला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. ज्या पोराने खाली मान घातली तो ‘होतकरू’, ज्याने प्रश्न विचारला तो ‘बेशिस्त’. ‘सर सिनेमा’ हाच शिक्का गोड करून देतो. त्यात पोरगा सुधारला म्हणजे काय होतं? तो ‘सर’ म्हणायला लागतो, केस कापतो, मान खाली घालतो.

जुलै 1942 मध्ये याच नागपुरातल्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्याला शिक्षण, संघर्ष आणि संघटन हा मंत्र दिला. ‘सर सिनेमा’ त्यातला पहिला शब्द ठेवतो आणि उरलेले दोन पुसून टाकतो.

पुण्याच्या फुल्यांच्या शाळेतली मुक्ता आठवा. मांग समाजाची ही चौदा-पंधरा वर्षांची मुलगी शिकली आणि तिने 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये निबंध छापून आणला, आपल्या मांग-महारांच्या दुःखाबद्दल धर्माच्या ठेकेदारांना जाब विचारणारा. जोतीराव-सावित्रीबाई शिक्षक म्हणून मोठे, याचा पुरावा मुक्ताच्या त्या प्रश्नांत आहे. विद्यार्थिनी बोलायला लागली तेव्हा शिक्षण पूर्ण झालं.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : "भाऊ, पोरं खरंच बिघडली आहेत. गांजा आहे, चोरी आहे, चाकू आहेत. भाषणाने काय होणार?" खरं आहे. मी वस्तीचं गोडगोड चित्र रंगवणार नाही. ‘झुंड’मध्ये काम केलेल्या एका तरुणाचा ऑक्टोबर 2025 मध्ये याच नागपुरात खून झाला. त्याचं नाव मी मुद्दाम घेत नाही. त्याच्या घरच्यांनी पुष्कळ सोसलं. पण विचार करा. देशातल्या सगळ्यात मोठ्या ‘सरां’सोबत हा पोरगा पडद्यावर दिसला होता. याहून मोठा हात कुणाचा मिळणार होता? एका माणसाचा हात, एक संधी, एक टाळी पोराला आयुष्यभर पुरत नाही. त्याला रोज उघडणारी शाळा लागते, दहावीनंतरचा रस्ता लागतो, काम लागतं, वस्तीत दिवा आणि मैदान लागतं.

दुसरा आक्षेप : "व्यवस्था बदलेपर्यंत काय हातावर हात ठेवून बसायचं? एखाद्याने तरी शिकवायला नको?" शिकवायलाच हवं. वर्ग बंद करा असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न आहे की वर्ग चालवता चालवता आपण मागणी करणं सोडलं का? तुम्ही समाजमंदिरात मोफत वर्ग घेता आणि शेजारची महापालिकेची शाळा बंद पडते, तेव्हा सरकारचे पैसे वाचतात आणि तुमचा सत्कार होतो. शाल, नारळ, फोटो. भिंत तशीच राहते.

ती भिंत कशी बांधली जाते तेही बघा. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना दिल्या. 9 फेब्रुवारी 2024 ला राज्य सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. म्हणजे शहरातल्या बहुतेक वस्त्यांतल्या पोरांना इंग्रजी शाळेचं दार बंद. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 ला तो बदल रद्द केला. हे दार कुठल्या करारी सरांच्या डोळ्यातल्या पाण्याने उघडलं नाही. कायदा वाचणारे पालक आणि संघटना कोर्टात गेल्या, म्हणून उघडलं. त्याआधी 2023 मध्ये 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा ‘समूह शाळे’त मिसळण्याचा विचार पुढे आला होता. तांड्यावरची, पाड्यावरची, गावकुसाबाहेरची शाळा अशी कागदावरच पुसली जाते. पोरगं शाळेत गेलं नाही की मग म्हणायचं, बिघडलं!

मग करायचं काय

शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा म्हणतो. वंचित घटकातल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हवी. तुमच्या वस्तीच्या शाळेत ही समिती कागदावर आहे की खरी? आपल्या किती आया तिच्यात आहेत? शेवटची बैठक कधी झाली? पहिली ते पाचवीत 60 पोरांपर्यंत दोन शिक्षक हवेत, आहेत का? नसतील तर माहितीचा अधिकार वापरा, रिकाम्या पदांची यादी काढा, ती विहाराच्या फळ्यावर लावा. मोफत वर्गात गणित-इंग्रजीसोबत अर्ज कसा लिहायचा आणि बाईंना प्रश्न कसा विचारायचा हेही शिकवा. आणि तुमच्या वर्गातला पोरगा उद्या तुम्हालाच उलट प्रश्न विचारू लागला, तर त्याला गप्प करू नका. तुमचं काम तिथेच सुरू झालं असं समजा.

25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगून ठेवलं की राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. वर्गातली भक्ती वेगळीकडे नेणार नाही. आपल्याला शिक्षक हवेत, भरपूर हवेत, पगारी आणि कायम हवेत. आपल्या पोरीबाळींतून तयार झालेले हवेत. तारणहार नको.

पुढच्या 5 सप्टेंबरला ती क्लिप टाकण्याआधी आपल्या शाळेच्या समितीची यादी टाका. आणि शिक्षक दिन साजरा करायचाच असेल तर 3 जानेवारीला सावित्रीमाईंचा करा. त्या दिवशी जाईबाईंची गोष्ट पोरांना सांगा आणि मुक्ताचा निबंध त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

जय भीम! जय सावित्री! जय संविधान!