कोयता खाली ठेवता येणं

बदली होऊन रायपूरला आले तेव्हा बुढापाऱ्यात खोली मिळाली. जुनं घर, बुढा तलाव पाच मिनिटांवर, आणि मागे मोठं परस. घरमालकीण काकू मराठीच. त्यांच्या सासऱ्यांच्या आधीपासून हे कुटुंब इथलं. पावसाळा संपला तेव्हा परसात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. कमरेएवढं गाजरगवत, भिंतीच्या कडेनं घाणेरी, मधोमध तरोटा आणि सांडपाण्यावर पोसलेली बेशरमाची झुडपं. दोनदा साप दिसला. मी काकूंना म्हणाले, रविवारी मी साफ करते, माझ्याकडे कोयता आहे.

"अगं, तू बँकेत अधिकारी, तू कशाला? चावडीवरून एखादी बाई आण. त्या लोकांना सवय असते."

थोड्या वेळानं बोलता बोलता निघालं की मी बीड जिल्ह्यातली, आणि माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. तेव्हा काकू म्हणाल्या, "मग तुला सवय असेलच म्हणा."

काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते, नाहीतर कुणीतरी प्रतिक्रियेत सांगेलच. पण दोन मिनिटांत मी अधिकाऱ्याची "त्या लोकां"तली झाले, आणि मध्ये फक्त एका जिल्ह्याचं आणि एका धंद्याचं नाव आलं होतं. हा "सवय" शब्द मी कॉलेजातही ऐकलाय. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदान होतं. शहरातली मुलं टिकाव खांद्यावर घेऊन फोटो काढत होती, मी खाली बसून झुडपं छाटत होते. सर सगळ्यांना म्हणाले, "हिच्याकडून शिका, हिला कसं जमतं बघा." त्या मुलांचं श्रमदान झालं. माझं मात्र कौशल्यही ठरलं नाही, ते माझं मूळ ठरलं.

माझ्याकडचा कोयता आईचा आहे. मुळात तो लहान नव्हता. वर्षानुवर्षं कानस मारून पातं झिजत गेलं. घरी तो सरपण फोडायला उरला होता, मी नारळ फोडायला म्हणून घेऊन आले.

आमच्याकडे कोयता हे हत्यार आहे तसंच माणसं मोजायचं मापही आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात पडते. बाईनं ऊस तोडायचा, पाचट काढायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, आणि तिच्या नावानं वेगळा पैसा कुठे लिहिलेला नसायचा. माझी आई आयुष्यभर अर्धा कोयता होती. एक दिवस कामाला गेलं नाही की खाडा, म्हणजे दंड. पाळी आली तरी खाडा, बाळंतपण झालं तरी खाडा. 2019 साली राज्य सरकारच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. आपण हा आकडा वाचला, हळहळलो, पुढे गेलो. 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. हा दरसुद्धा कोयत्याचाच. दोघं मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडतात. हिशेब करून पाहा, आणि त्यातून उचल फेडायची आहे हे विसरू नका.

आता चावडीविषयी. रायपुरात मजूर सकाळी जिथे उभे राहतात त्या नाक्याला चावडी म्हणतात. हा शब्द इथे पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकले. आपल्याकडे चावडी म्हणजे जिथे महाराला बोलावणं यायचं आणि त्यानं पायरीखाली उभं राहायचं, ती जागा. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात महार वतनात सुधारणा करणारं विधेयक आणलं. त्यांच्या तक्रारी वाचल्या की ऊसतोडीचा करारच आठवतो. कामाला वेळेचं बंधन नाही, मोबदला ठरलेला नाही, आणि वतनदार हजर नसेल तर घरातल्या दुसऱ्या कुणालाही ओढून न्यायचं. राबायचं एकट्यानं, बांधलेलं मात्र अख्खं घर. ते विधेयक पुढे मागे घ्यावं लागलं. मुंबई राज्यातली कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला 1958 साल उजाडलं.

हे सगळं माहीत असलेली मी त्या रविवारी सकाळी चावडीवर गेले. एकटीनं ते परस होणार नव्हतं, एवढी अक्कल होती. तिथे पुरुष मजुरानं पाचशे सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या रेजानं (इथे मजूर बाईला रेजा म्हणतात) चारशे सांगितले. आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, "साडेतीनशे."

का निघालं? मला पन्नास रुपयांची गरज नव्हती. गिऱ्हाईक असंच बोलतं, एवढंच मी कुठेतरी पाहून ठेवलं होतं. पुरुषाच्या पाचशेवर मी चकार शब्द काढला नाही, घासाघीस केली ती चारशेवर. समान कामाला समान वेतनाचा कायदा 1976 सालीच आला होता, पदवीच्या परीक्षेत मी त्यावर उत्तरही लिहिलंय. बाईनं मला शांतपणे विचारलं, काम तर तेवढंच करायचं ना? मग मी पाचशे दिले. यात मोठेपणा घेण्यासारखं काही नाही. मी आधी साडेतीनशे म्हणाले होते, ते ती विसरली नसणार.

काम आम्ही दोघींनी केलं. तिनं पहिल्यांदा लांब काठीनं गवत बडवून घेतलं, सापासाठी. गाजरगवताला कोयता लावू दिला नाही. हाताला फडकं गुंडाळून ओल्या मातीतून मुळासकट उपटायचं, नाहीतर ते परत फुटतं आणि अंगाला खाजही सुटते. घाणेरीच्या फांद्या माझ्या कोयत्यानं तोडल्या. उसाची सवय म्हणून मी अगदी जमिनीलगत वार करत होते. उसात बुडख्याला साखर जास्त, म्हणून खाली तोडतात. इथे तिनं मला थांबवलं: बुंधा हातभर ठेव, मग तो धरून हलवून मूळ खणता येतं. बेशरमाच्या तोडलेल्या फांद्या तिनं ओल्या मातीवर पडू दिल्या नाहीत, तुकडाही रुजतो म्हणाली. तरोट्याच्या शेंगा मात्र वेगळ्या काढून पिशवीत भरल्या. पावसाळ्यात त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, आणि बी विकलं जातं. म्हणजे आम्ही कचरा समजून काढत होतो त्यात तिची थोडी कमाई होती. काकूंची "सवय" ती हीच. बाईनं हे सगळं कुठेतरी शिकलेलं आहे, पण त्याचं प्रमाणपत्र तिला कुणी देत नाही.

अकरा वाजता माझ्या तळहाताला फोड आला. मी कोयता खाली ठेवला आणि पायरीवर बसले.

सगळा फरक तिथे आहे असं मला वाटतं. आमच्या शिकलेल्या मित्रमंडळींत या विषयावर दोन बाजू पडतात. एक म्हणते, आईबापांनी आपल्याला शिकवलं ते कोयता सुटावा म्हणून, तो पुन्हा हातात घेणं हा त्यांच्या कष्टाचा अपमान. दुसरी म्हणते, श्रमाची लाज कसली, अभिमानानं फोटो टाका. दोघांचीही नजर हत्यारावर आहे. कोयत्यात कमीपणाही नाही आणि तेजही नाही. मी दमले तेव्हा तो खाली ठेवू शकले, कारण माझ्यावर उचल नव्हती आणि सोमवारी माझा पगार चालू होता. आईला सातव्या महिन्यातही तो खाली ठेवता आला नाही. ज्यांना तो कधी उचलावाच लागला नाही, त्यांनी आम्हाला श्रमप्रतिष्ठा शिकवू नये. पण चावडीवर भाव ठरवताना आपण कुणाच्या बाजूनं बोलतो, हे आपलं आपल्याला विचारावं लागेल. आपल्यातले कितीतरी जण आता भाव सांगणाऱ्या बाजूला आलेत. घरी धुणंभांडी करणारी मावशी, सोसायटीचा सफाई कामगार, गावाकडे शेतात लावलेले मजूर, आणि काही घरांत तर मुकादमीसुद्धा. यावर आपण फार कमी लिहितो.

काकूंनी चहा आणला. मला कपात, तिला कागदी ग्लासात. दोघींचे हात सारखेच मातीनं माखलेले होते. मी काही बोलले नाही. भाड्याचं घर आहे, आणि या गावात आमच्यासारख्यांना खोली शोधताना आडनावावरून किती फिरावं लागतं ते मला माहीत आहे. कारण खरं असलं तरी त्यानं माझी सुटका होत नाही.

संध्याकाळी आईला फोन केला. मला वाटलं होतं ती रागवेल. ती म्हणाली, "किती दिले तिला?" मी सांगितलं. "जेवणाची सुट्टी धरून ना?" होय म्हणाले. मग फोड कुठे आलाय ते विचारलं, आणि मूठ फार पुढे धरली असशील म्हणाली. चहाचं मी तिला सांगितलं नाही.

घाणेरीचे चार बुंधे अजून खणायचे राहिलेत. ती बाई पुढच्या रविवारी येते म्हणाली आहे. भाव आधीच ठरलाय, चहा मी माझ्या खोलीत करणार आहे.