वळणी आणि खुंटी

दिवाळीच्या अंकासाठी मी धुण्यावर लिहायला बसले आहे हे कळताच आमच्या ह्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि, "सणासुदीला लोकांच्या हातात मळके कपडे देणार का?" असे विचारून ते पुन्हा वर्तमानपत्रात शिरले. त्यांचे एका अर्थी बरोबर आहे. पण मला मोठे विषय झेपत नाहीत, हे या सदराच्या वाचकांना एव्हाना ठाऊक झाले आहे. शिवाय ज्या घरात चार लहान मुले आहेत, त्या घरात धुण्याहून मोठा विषय कोणता असतो, हे मला कोणी सांगावे.

आमचे घर पौडच्या थोडे पुढे, मुळशीच्या रस्त्याला आहे. मामंजी आणि सासूबाई, आम्ही दोघे, धाकटे भावजी आणि जाऊबाई, आणि दोन्ही जोड्यांची मिळून चार मुले. थोरली नऊ वर्षांची, शेंडेफळ दीड वर्षाचे. मी रोज पुण्याला कॉलेजात शिकवायला जाते. संध्याकाळी चांदणी चौक ओलांडून पश्चिमेला निघाले, की दर गावाला पाऊस बदलत जातो. भूगावला भुरभुर, पिरंगुटला सर, पौडला धार आणि पुढे ताम्हिणीकडे नुसता कोसळ. २०२४ सालच्या २५ जुलैची नोंद मी वहीत उतरवून ठेवली आहे. चोवीस तासांत पुण्यात शिवाजीनगरला ११४ मिलिमीटर आणि ताम्हिणीला ५५६. पुणे शहरात सबंध वर्षात साधारण सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे पुण्याचा पाऊण पाऊस ताम्हिणीने एका दिवसात उरकला! हे आकडे मी हवामानासाठी देत नाही, दुपट्यांसाठी देते आहे. ज्या गावात आषाढापासून भाद्रपदापर्यंत ऊन म्हणजे पाहुणा, तिथे कपडे धुणे ही काही अडचण नाही. ते वाळवायचे कुठे, ही अडचण आहे.

हे आम्हांला फार उशिरा उमगले. आधी आम्ही धुण्याचे यंत्र घेतले. यंत्र आले आणि घरात आनंदीआनंद झाला. मुलांनी अंगातून काढलेला कपडा थेट यंत्राच्या पोटात जाऊ लागला. पूर्वी धुणाऱ्या मावशींना काय वाटेल या संकोचाने हात थोडा आखडत असे. यंत्राला काय वाटायचे? पाऊण तासात सगळे स्वच्छ होऊन बाहेर येई. पण बाहेर येई ते ओले! पडवीतली वळणी भरली, मग ओटीवर दोरी आली, मग जिन्याच्या कठड्यावर परकर आणि खुर्च्यांच्या पाठींवर शाळेचे सदरे. शेवटी मीच पुढाकार घेऊन मुलांच्या झोपायच्या खोलीत भिंतीला हुक ठोकून घेतले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत दोऱ्या बांधल्या. खाली चार गाद्या, वर पंखा, मध्ये कपड्यांचे छत. मुले खूश होती. त्यांना तो तंबू वाटे.

आमच्या पंख्याची मला तेव्हा मोठी गंमत वाटायची. १९२०च्या दशकात टाटांनी मुळशीला धरण बांधले. जमिनी जाऊ नयेत म्हणून सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली इथल्या मावळ्यांनी १९२१ ते १९२४ सत्याग्रह केला, तरी गावे पाण्याखाली गेली ती गेलीच. ते पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याला उतरते आणि १९२७ पासून तिथे त्याची वीज होते. पावसाच्या पाण्याची वीज करायची, विजेने पंखा फिरवायचा आणि पंख्याने पावसात न वाळणाऱ्या कपड्यांतले पाणी घालवायचे! मी हे एकदा वर्गात सांगितले, तेव्हा पोरे हसली. घरी लवकरच हसू मावळायचे होते.

श्रावणातली रात्र होती. जाऊबाईंचा थोरला, वय वर्षे चार, दोन दिवस खोकत होता. रात्री एकच्या सुमाराला त्याचा श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. छातीच्या बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. भावजींनी गाडी काढली, जाऊबाई त्याला घेऊन मागे बसल्या आणि मी त्यांच्याशेजारी. काचेपलीकडे काही दिसत नव्हते. पौडपासून पुण्यापर्यंत कोणी एक शब्द बोलले नाही. गाडीत फक्त तो श्वास ऐकू येत होता. तिथे त्याला यंत्राने औषधाचा वाफारा दिला, तासाभराने शिट्टी थांबली. पहाटे डॉक्टरीणबाईंनी आम्हांला समोर बसवून प्रश्न विचारले. घरात कोणाला दमा आहे का, धूर होतो का, मांजर आहे का. आणि मग अगदी सहज विचारले, "पावसाळ्यात कपडे कुठे वाळत घालता?"

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. मी सांगितले, "मुलांच्या खोलीत."

त्या म्हणाल्या, दमा कपड्यांनी होत नाही. पण ज्याची श्वासनळी मुळात हळवी आहे, त्याला बंद खोलीतली ओल सोसत नाही. ओलीवर बुरशी धरते आणि ती श्वासाबरोबर आत जाते. घरी येऊन मी गाद्या भिंतीपासून ओढल्या. मागे जमिनीपासून हातभर काळे ठिपके होते. दिवाळीला रंगवलेली भिंत! जाऊबाई मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. स्टुलावर चढून त्यांनी दोऱ्या सोडल्या, गुंडाळल्या आणि पडवीत नेऊन ठेवल्या. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

त्या रविवारी मी मामंजींचा रद्दी तोलायचा काटा मागून घेतला. एका वेळचे धुणे कोरडे असताना तोलले, चार किलो भरले. यंत्रातून पिळून निघाल्यावर तोलले, सहा किलो. हाताला नुसते दमट लागणारे ते कपडे दोन किलो पाणी धरून होते. दोन किलो पाणी म्हणजे दोन लिटर. दिवसातून दोनदा यंत्र लावायचे म्हणजे चार लिटर. कपडे वाळले म्हणजे पाणी नाहीसे झाले, असे आपण समजतो. ते जाते कुठे? ते त्याच खोलीच्या हवेत जाते, आणि खिडक्या बंद असल्या की भिंतीत मुरते. घागरभर पाणी मुलांच्या अंथरुणाभोवती शिंपडावे, असा उद्योग मी दोन महिने मोठ्या हौसेने करीत होते.

सासूबाईंनी त्यांचा उपाय सुचवला. त्यांच्या लहानपणी शेगडीत निखारे घालून वर डालगे पालथे घालीत आणि त्यावर बाळाचे लंगोट, झबली पसरीत. निखाऱ्यावर ओवा-वावडिंगाची चिमूट टाकली की धुरीही मिळे. लंगोट घडीभरात ऊन-ऊन होत. उपाय नामी, पण डॉक्टरीणबाईंनी धुराला सक्त मनाई केली होती. सासूबाई रुसल्या नाहीत. "मग कपडे कमी काढा," एवढेच म्हणाल्या. धुणाऱ्या मावशी तिथेच भांडी पुसत होत्या. त्यांनीही मान न वळवता पुष्टी जोडली, "ताई, आमच्यातबी पाच माणसं हायेत. धुणं असं डोंगराएवढं नसतं. तुम्ही लई काढता."

आम्ही लई काढतो? मी परीक्षक आहे. गठ्ठा समोर आल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. दुसऱ्या दिवशीचे धुणे मी ओटीवर पालथे केले. नग सत्तेचाळीस, त्यांत चार मुलांचे एकतीस. मग उत्तरपत्रिकांसारखे ढीग लावले. खरोखर मळलेले, भिजलेले, आणि तिसरा ढीग ज्यांत मला दोष सापडेना त्यांचा. मुलांचे बारा कपडे त्या तिसऱ्या ढिगात निघाले. आदल्या संध्याकाळी दोन तास घातलेला परकर-पोलका. पाहुणे आले म्हणून चढवलेला आणि गेले म्हणून उतरवलेला सदरा. एक स्वेटर तर नुसता हातात धरून हिंडवलेला होता. हे सगळे धुण्यात का आले? कारण अंगातून काढल्यावर ठेवायला दुसरी जागा नव्हती. धुतलेल्यांचे कपाट होते आणि मळक्यांची टोपली होती. मधले काही नव्हतेच.

इथे माझ्यातली मराठीची मास्तरीण जागी झाली. आपल्या भाषेत कपड्याच्या किती अवस्था! दुकानातून आलेला तो कोरा. एकदा धुतला की धुवट. परटाकडून इस्त्री होऊन आला की परीटघडीचा, आणि ती घडी मोडणे हासुद्धा एक प्रसंग असे. रात्री अंगावर असलेला तो पारोसा. सोवळ्याचे धोतर वेगळ्या वळणीवर, काठीने उंच टाकलेले. पण चार तास घातलेला, उद्या पुन्हा घालण्याजोगा, त्याला काय म्हणत? मी मामंजींना विचारले. ते क्षणभर विचारात पडले आणि म्हणाले, "त्याला शब्द कशाला? तो खुंटीवरचा!"

खरेच की. जुन्या घरांत प्रत्येक खोलीला, दाराशेजारी, भिंतीत लाकडी खुंट्या असत. बाहेरून आलेला माणूस टोपी खुंटीला लावी, सदरा खुंटीला लावी. उद्या तोच घेऊन निघे. आम्ही २०१६ साली घर नवे बांधले, तेव्हा भिंती गुळगुळीत केल्या, कपाटांना आरसे लावले आणि खुंटीला घरातून हद्दपार केले. एखाद्या वस्तूबरोबर एक सवय कशी निघून जाते, ते कळतही नाही. साबणाची पूडही तोवर घरोघर पोचून जुनी झाली होती (अहमदाबादेत निरमा निघाली ती १९६९ साली, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधी), तेव्हा धुणे महाग म्हणून कोणी हात आखडावा असेही राहिले नव्हते.

गावातल्या सुताराने सागवानी फळीवर आठ खुंट्या बसवून दिल्या. मुलांच्या उंचीला, एकेकाला दोन. नियम साधा. संध्याकाळी कपडा उतरवला की थोरलीने तो पाहायचा. डाग नाही, वास नाही, ओल नाही, तर खुंटीला. चड्ड्या-बनियनांना आणि मोज्यांना खुंटी नाही, ते रोज धुवायचे. जाऊबाईंना आधी हे रुचले नाही. "कालचाच फ्रॉक घालून गेली तर शाळेत बाई काय म्हणतील?" त्यांची भीती मला कळते. आम्हां नोकरीच्या बायकांच्या मुलांकडे जरा जास्तच निरखून पाहिले जाते. पण सर्वांत पुढे तो चार वर्षांचाच धावला. त्याला आपली खुंटी फार आवडली. त्याने आपली चड्डी खुंटीला लावली. चड्डीला खुंटी नाही हे कलम त्याला मंजूर नव्हते. तिसऱ्या दिवशी खोलीत मेल्याचा वास सुटला. शोधता शोधता त्या चड्डीच्या खिशातून खाचरातला एक लहानसा खेकडा निघाला. तेव्हापासून खिसा तपासणे हे नवे कलम घालावे लागले.

बाकीच्या सुधारणा किरकोळ. घरात दहा जाड टर्किश टॉवेल होते. सोलापूरच्या उन्हात असा टॉवेल दुपारपर्यंत कुरकुरीत वाळत असेल. आमच्याकडे तो आषाढात ओला झाला की श्रावणाची वाट पाहतो. आम्ही ते बांधून माळ्यावर टाकले आणि पंचे आणले. पंचा पिळायला हलका आणि वाऱ्याला मिनतवारी लागत नाही. जीन नावाच्या कापडाला ज्येष्ठ ते भाद्रपद घरबंदी केली. यंत्र कपडे पिळते तो फेरा दोनदा लावायचा, त्याने बरेच पाणी मोरीतच जाते. पडवीवर पत्रा वाढवून पश्चिमेच्या वाऱ्याला तोंड करून वळण्या बांधल्या, आणि एका कपड्याची बाही दुसऱ्याला लागू द्यायची नाही, हे काम आमच्या ह्यांच्याकडे दिले. ऊन नसले तरी वारा वाळवतो; घाई मात्र करता येत नाही. धुणे सत्तेचाळिसावरून तिसाच्या आसपास आले. मावशींनी एकदाच मान डोलावली. तिच्यापुढे माझ्या एम.ए.ची काय किंमत!

त्या चार वर्षांच्याची शिट्टी या पावसाळ्यातही दोनदा वाजली. औषधाचा पंप आता घरात आहे, आणि जाऊबाईंची झोप अजून कानाने होते. पण रात्री गाडी काढावी लागली नाही.

घटस्थापनेआधी आम्ही दसरा काढला. मुळेच्या काठी गावातल्या बायका गोधड्या घेऊन उतरल्या होत्या; आम्हीही उतरलो. चौघींनी मिळून गोधडी पिळायची, दोघींनी एका दिशेने आणि दोघींनी उलट. एवढ्या वर्षांत मी आणि जाऊबाई समोरासमोर उभ्या राहून असे काही पिळले नव्हते. पोरे तापलेल्या खडकांवर पसरलेल्या गोधड्यांवरून पळत होती आणि सासूबाई त्यांच्या नावाने ओरडत होत्या. दोन तासांत सगळे कोरडे ठणठणीत.

मुलांच्या खोलीतले हुक मात्र तसेच राहिले आहेत. काढायला गेले तर गिलावा सुटतो. काल मुलांनी एकाला स्वतः चिकटवलेला, जरा तिरका झालेला आकाशकंदील टांगला. दुसऱ्या हुकावर काय लावायचे, यावर चौघांचे अजून भांडण चालू आहे.