हॉर्टाला दया मिळाली, हक्क नाही

१/ जुन्या विज्ञानकथा मालिकांनी प्रेक्षकांना परग्रहवासीयांकडे सहानुभूतीने पाहायला शिकवले, असे कौतुकाने सांगितले जाते. हे खरे आहे, पण अर्धेच. ती सहानुभूती कोणत्या अटीवर मिळाली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायलाच हवे.

२/ नेहमीचा दाखला ‘स्टार ट्रेक’चा. ९ मार्च १९६७ रोजी अमेरिकेत ‘द डेव्हिल इन द डार्क’ हा जीन कून लिखित भाग प्रसारित झाला. एका दूरच्या ग्रहावरील खाणीत कोणी अज्ञात प्राणी कामगारांचे बळी घेत असतो. तो म्हणजे हॉर्टा : सिलिकॉनचा देह, आम्लाने खडक कोरत जाणारा.

३/ स्पॉक हॉर्टाच्या मनाशी संवाद साधतो आणि उलगडा होतो. कामगार जे निरुपयोगी गोळे समजून फोडत होते, ती हॉर्टाची अंडी होती. ज्याला सैतान म्हटले, ती आई होती. व्हिएतनाम युद्ध पेटलेले असताना शत्रूला असा चेहरा देणे धाडसाचेच. ते श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

४/ पण शेवट पाहा. खाण बंद होत नाही. हॉर्टाची पिल्ले बोगदे खणणार, माणसे खनिज नेणार. या ग्रहावर हॉर्टा मूळनिवासी, परका तो माणूस. तरीही ग्रह कोणाचा, हे कोणीच विचारत नाही. आई म्हणून तिला दया मिळते. उपयोगी म्हणून जागा.

५/ आता १९७० मधील ब्रिटन. माल्कम हल्क लिखित ‘डॉक्टर हू’ची सात भागांची सिल्युरियन कथा. हे सरपटणारे जीव मानवापूर्वीचे पृथ्वीचे रहिवासी. दीर्घ निद्रेतून उठून ते आपली भूमी परत मागतात.

६/ हल्क त्यांना निरागस रंगवत नाही. त्यांचा वृद्ध नेता तडजोडीस तयार असतो. त्याचाच तरुण सहकारी त्याला मारतो. माणसांत साथ पसरवली जाते. तरी डॉक्टर समेटाचा आग्रह सोडत नाही. अखेर ब्रिगेडियर गुहांत स्फोट घडवतो. डॉक्टरच्या लेखी तो खूनच.

७/ एका कथेत समेट, दुसरीत संहार. मग पहिलीच उदार नव्हे का? नव्हे. हक्काचा प्रश्नच न काढता झालेला समेट स्वस्त असतो. हल्कने तो प्रश्न काढला आणि त्याला नकार मिळताना दाखवला. इतिहासात मूळनिवाशांच्या वाट्याला दया कधीमधी आली, भूमी क्वचितच. म्हणून सिल्युरियनांची कथा अधिक प्रामाणिक.