पाळणा मोजला, वेदना मोजली नाही: एंडोमेट्रिओसिसचा इतिहास

१. पाळीच्या दिवसांत अंथरुणाला खिळणाऱ्या मुलीला मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या एकच दिलासा मिळत आला आहे: ‘लग्न होऊ दे, एखादे मूल झाले की आपोआप थांबेल.’ हा दिलासा वडीलधाऱ्या बायकांपुरता मर्यादित असता, तर त्याकडे भाबडेपणा म्हणून पाहता आले असते. परंतु विसाव्या शतकात बोस्टनच्या एका नामवंत शल्यविशारदाने तोच सल्ला वैद्यकीय निबंधात छापला होता. हा थ्रेड त्या सल्ल्याचा आणि त्यामागील दृष्टीचा.

२. प्रथम आजाराविषयी. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर वाढते, तेव्हा त्यास एंडोमेट्रिओसिस म्हणतात. बीजकोश, उदरपोकळीचे आवरण, आतडे, मूत्राशय यांपैकी कोठेही ते रुजू शकते. मासिक चक्रातील संप्रेरकांना ते प्रतिसाद देते, त्यातून दाह होतो, वण पडतात, अवयव एकमेकांना चिकटतात. पाळीत, शरीरसंबंधाच्या वेळी, शौचाच्या वेळी असह्य वेदना होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातील जवळपास १९ कोटी स्त्रिया व मुलींना हा आजार आहे.

३. या आजाराच्या वैद्यकीय इतिहासाचा आरंभ बहुधा १८६० पासून धरतात. त्या वर्षी व्हिएन्नाचे विकृतिशास्त्रज्ञ कार्ल फॉन रोकितान्स्की यांनी अशा वाढींचे वर्णन केले. १८९९ मध्ये बाल्टिमोरच्या विल्यम रसेल यांना बीजकोशात गर्भाशयाच्या अस्तरासारखे ऊतक आढळले. १९२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीचे जॉन सॅम्पसन यांनी बीजकोशातील, जुन्या रक्ताने भरलेल्या गडद तपकिरी गाठींचे सविस्तर वर्णन केले. ‘चॉकलेट सिस्ट’ हा शब्द आजही सोनोग्राफीच्या अहवालांत वाचायला मिळतो.

४. १९२७ मध्ये सॅम्पसन यांनी आपला प्रसिद्ध सिद्धान्त मांडला: पाळीचे काही रक्त बीजनलिकांतून उलटे वाहत उदरपोकळीत उतरते आणि त्यातील पेशी तेथे रुजतात. हा सिद्धान्त आजही प्रमुख मानला जातो, पण तो पुरा पडत नाही. १९८४ च्या एका अभ्यासात, बीजनलिका मोकळ्या असलेल्या सुमारे ९० टक्के स्त्रियांच्या उदरपोकळीत पाळीच्या काळात रक्त आढळले. उलटा प्रवाह बहुतेकींत असतो, आजार मात्र दहांतील एकीला होतो. मग उरलेल्या नऊजणी कशामुळे वाचतात, हा शास्त्राचा पुढचा प्रश्न असायला हवा होता.

५. प्रत्यक्षात दुसराच प्रश्न पुढे आला. बोस्टनचे स्त्रीरोग शल्यविशारद जो व्हिन्सेंट मीग्ज यांनी १९४१ च्या निबंधात आणि त्यानंतरच्या लेखनात या आजाराचा संबंध उशिरा होणाऱ्या विवाहाशी व लांबलेल्या मातृत्वाशी जोडला. सुस्थितीतील तरुणींनी लवकर लग्न करावे, लवकर मुले होऊ द्यावीत, त्यासाठी आईवडिलांनी नव्या जोडप्यास आर्थिक हातभार लावावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. निदान करता करता वैद्यक समाजाला उपदेश करू लागले. पुढे हा आजार ‘करिअर करणाऱ्या बायकांचा’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

६. मीग्ज यांचे निरीक्षण त्यांच्या अनुभवाला धरून असेलही. परंतु तो अनुभव कोणाचा होता? त्या काळी हा आजार पोट उघडल्याशिवाय खात्रीने दिसत नसे. शस्त्रक्रियेचा खर्च पेलणाऱ्या घरांतील स्त्रियांतच तो ‘सापडला’ आणि म्हणून तो त्यांचाच ठरला. चाळणीच्या भोकांचे माप धान्याच्या माथी मारावे, तसा हा प्रकार.

७. त्याचा फटका कृष्णवर्णीय स्त्रियांना बसला. त्यांना हा आजार क्वचितच होतो, अशी धारणा अमेरिकेत मूळ धरून होती. ओटीपोटात दुखते म्हणून आलेल्या कृष्णवर्णीय स्त्रीला श्रोणिदाह असल्याचे, म्हणजे बहुधा शरीरसंबंधातून आलेल्या संसर्गाचे, निदान सहज चिकटे. १९७६ मध्ये शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी दुर्बिणीतून तपासणी करून दाखवून दिले की अशा स्त्रियांतही एंडोमेट्रिओसिस मुळीच दुर्मीळ नाही आणि त्यांतील अनेकींवर पूर्वी श्रोणिदाहाचा शिक्का बसला होता. एकीच्या वेदनेला महत्त्वाकांक्षेचे फळ म्हटले गेले, दुसरीच्या वेदनेला चारित्र्याचे. त्या वेदनेचा स्वतंत्र विचार मात्र झाला नाही.

८. उपचारही याच वाटेने गेले. १९५८ मध्ये बोस्टनचे रॉबर्ट किस्टनर यांनी संप्रेरके देऊन शरीरात ‘आभासी गर्भावस्था’ निर्माण करण्याची पद्धत मांडली. १९७६ मध्ये अमेरिकेत डॅनाझोल या औषधाला मान्यता मिळाली. त्याने अनेकींचे दुखणे कमी झाले, पण चेहऱ्यावर लव, वजनवाढ, कधी कायमचा जाडसर झालेला आवाज अशी किंमत मोजावी लागली. प्रत्यक्ष गर्भारपणाविषयी आज एवढे स्पष्ट आहे: त्या काळात काहींची लक्षणे ओसरतात, काहींची ओसरत नाहीत आणि पाळी परतल्यावर दुखणेही परतू शकते. बाळंतपण हा या आजाराचा उपाय नव्हे.

९. सर्वांत बोलका पुरावा आजाराच्या मोजपट्टीत आहे. ‘पहिला टप्पा’ ते ‘चौथा टप्पा’ अशी जी वर्गवारी आजही अहवालांत लिहिली जाते, ती १९७९ मध्ये अमेरिकन फर्टिलिटी सोसायटीने तयार केली आणि १९८५ मध्ये सुधारली. संस्थेच्या नावातच हेतू आहे. गाठी किती मोठ्या, अवयव किती चिकटलेले, याला गुण दिले गेले, कारण मूल होण्याची शक्यता वर्तवायची होती. वेदनेला गुणच नाहीत. पहिल्या टप्प्यातील स्त्री वेदनेने कळवळू शकते आणि चौथ्या टप्प्यातील एखादीला काहीच जाणवत नसते. तरीही ‘आजार किरकोळ आहे’ हे वाक्य याच वर्गवारीच्या आधारे असंख्य स्त्रियांना ऐकावे लागले.

१०. यावर एक आक्षेप रास्त आहे. वंध्यत्व हेही दुःखच आहे, मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी ती वर्गवारी निरुपयोगी नव्हती. शिवाय गाठ मोजता येते, वेदना कशी मोजणार? पण अर्धशिशीही कोणत्या दुर्बिणीतून दिसत नाही. रुग्णाला विचारून, दुखण्याची नोंदवही ठेवूनच तिचा अभ्यास उभा राहिला. वेदना मोजणे अशक्य नव्हते, तर सांगणारीच्या शब्दावर विश्वास ठेवणे जड जात होते.

११. तो विश्वास प्रथम स्त्रियांनीच एकमेकींवर ठेवला. १९८० मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी येथे मेरी लू बॅलवेग आणि कॅरोलिन कीथ यांनी एंडोमेट्रिओसिस असोसिएशन स्थापन केली. प्रश्नावल्या पाठवून रुग्णांचे अनुभव गोळा करण्याचे काम या संस्थेने हाती घेतले. लक्षणे केव्हा सुरू झाली, किती डॉक्टर पालथे घातले, असे साधे प्रश्न त्यात होते. संशोधनाचा आरंभ वास्तविक येथून व्हायला हवा होता.

१२. भारतात मोजपट्टी उलट्या टोकाने धरली गेली. १९५२ मध्ये देशाने अधिकृत कुटुंबनियोजन कार्यक्रम सुरू केला. पाळणा लांबवणे हे राष्ट्रीय ध्येय ठरले. परळची आजची राष्ट्रीय प्रजनन व बालआरोग्य संशोधन संस्था १९५० च्या दशकातील गर्भनिरोधक चाचणी विभागातून वाढली. तेथील काम मोलाचेच होते, परंतु स्त्रीच्या गर्भाशयाकडे पाहताना बोस्टनने ‘मूल का नाही?’ असे विचारले आणि दिल्लीने ‘मुले इतकी का?’ असे. ‘दुखते का?’ हे दोघांनीही मागे ठेवले. याच परळच्या संस्थेने अलीकडे देशाच्या विविध भागांतील एंडोमेट्रिओसिसग्रस्त स्त्रियांचा चिकित्सा व आनुवंशिकी अभ्यास हाती घेतला आहे, ही समाधानाची बाब.

१३. मुले झाली की त्या अवयवाचे मोल संपते, हा या दृष्टीचा शेवटचा निष्कर्ष. तो पाहायला फार दूर जावे लागत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणातील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्या सर्वांना हाच आजार होता, असा याचा अर्थ नाही. बहुतेकींना नेमके काय झाले होते, हेच नीट तपासले गेले नाही, ही खरी शोकांतिका. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचे दुखणे, कर्करोगाची भीती, मुकादमाची उचल, एका दिवसाच्या खाड्याचा दंड आणि या सर्वांवर एकच उत्तर: ‘पिशवी काढून टाका.’ एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असतो, त्यामुळे पिशवी काढल्यानंतरही दुखणे मागे उरू शकते, हे तरी किती जणींना सांगितले जाते?

१४. आता चित्र पालटू लागले आहे. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी निदानासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा आग्रह सोडला. लक्षणे व प्रतिमाचित्रण यांच्या आधारे उपचार सुरू करता येतात, असे मान्य झाले. २०२३ मध्ये ६०,६७४ रुग्ण स्त्रियांच्या आनुवंशिक अभ्यासातून गुणसूत्रांवरील ४२ स्थाने पुढे आली आणि या आजाराचे अर्धशिशी व पाठदुखी यांसारख्या दीर्घकालीन वेदनांशी सामायिक आनुवंशिक नाते दिसले. स्त्रिया जे सांगत होत्या, त्याची साक्ष जनुकांनी दिली. साक्षीदार बदलला, जबानी तीच होती.

१५. तरीही लक्षणांपासून निदानापर्यंत अनेक देशांत सरासरी ४ ते ११ वर्षे जातात. ही वर्षे केवळ यंत्रांच्या अभावी जात नाहीत. शाळेत दर महिन्याला दोन दिवस गैरहजर राहणारी मुलगी, फडात कमरेला पदर आवळून मोळी उचलणारी बाई, लग्नानंतर सारे ठीक होईल असे ऐकणारी तरुणी यांना पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, यावर ती अवलंबून आहेत. ‘मूल आहे का?’ या प्रश्नाला इतिहासाने दीडशेहून अधिक वर्षे दिली. ‘किती दुखते, केव्हापासून, आणि त्यापायी काय काय बुडते?’ हा प्रश्न प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात केसपेपरच्या पहिल्या ओळीवर यायला हवा. त्याला खर्च येत नाही. उत्तर खरे मानण्याची तयारी तेवढी लागते.