'मूळ रूपा'चा आग्रह आणि एक जुनी जीप

जुनी गाडी 'मूळ रूपात' आणणे हा शब्दप्रयोग हौशी मंडळींच्या बोलण्यात आता इतका रुळला आहे की त्यातील 'मूळ' या शब्दापाशी कोणी थांबत नाही. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला मात्र तो सहज ओलांडता येत नाही. संहितेचे मूळ कशाला म्हणावे, पाठभेदांचे काय करावे, प्रक्षेप कसा ओळखावा, या प्रश्नांवर शंभर वर्षांहून अधिक काळ गंभीर काम झाले आहे आणि त्यातील सर्वांत मोठे काम पुण्यात झाले आहे. तिथे शिकलेली सावधगिरी पाना-पक्कड हातात घेताच सोडून द्यावी, असे मला वाटत नाही. त्यातच २०२१ पासून 'मूळ रूप' ही अट सरकारी नियमात आली आहे. त्यामुळे हा केवळ रविवारच्या हौसेचा प्रश्न राहिलेला नाही.

प्रथम गाडीविषयी. मुळशी तालुक्यातील जांबे येथे, एका नातेवाइकाच्या शेतघराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये, गेली चार वर्षे मी आणि इतिहास विभागातील माझे एक सहकारी १९६८ सालच्या महिंद्रा जीपवर काम करीत आहोत. दोघांपैकी कोणीही यंत्रविद्या शिकलेला नाही. अडले की हिंजवडीच्या बाजूने एक वयस्क मिस्त्री येतात, चहा घेतात आणि आमचे अर्ध्या दिवसाचे काम दहा मिनिटांत करून दाखवतात. सुटे भाग नाना पेठेतून येतात. तिथे न मिळणारे काही बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात फिरताना सापडतात. शेडच्या एका अंगाला अजून भाताची खाचरे आहेत, दुसऱ्या अंगाला उंच इमारती उठल्या आहेत. ज्या रस्त्यांसाठी ही गाडी घडली तसे रस्ते आता तिथून फार लांब गेले, हेही नमूद करायला हवे.

ही जीप 'मूळची' कुठली? आपल्याकडच्या जीपची कथा १९४५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या 'महिंद्रा अँड मोहम्मद' या कंपनीपासून सुरू होते. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. अमेरिकेतील विलीज कंपनीच्या जीपचे भाग खोक्यांतून यायचे आणि माझगावात त्यांची जुळणी व्हायची. नंतर एकेक भाग इथेच बनू लागला. म्हणजे ज्याला आपण 'मूळ' म्हणतो तेच मुळात एक भाषांतर होते आणि तेही हप्त्याहप्त्याने झालेले. आमच्या गाडीचे स्टिअरिंग डावीकडे आहे. डाव्या बाजूने वाहने चालणाऱ्या देशात स्टिअरिंग डावीकडे असणे ही भाषांतरात तशीच राहून गेलेली परकी वाक्यरचना होय. ती कोणी सुधारली नाही आणि चालकांनी तिच्याशी जुळवून घेतले. शब्दशः भाषांतर खपवून घेण्याची आपली सवय काही साहित्यापुरती नाही.

आमच्या हाती आलेली गाडी बारा गावचे पाणी प्यालेली होती. आरसी बुकातील नोंदींवरून एवढे दिसते की ती पहिली काही वर्षे सरकारी खात्यात होती, मग लिलावात गेली, मग तीन खाजगी मालकांकडे फिरली. १९८९ मध्ये इंधनाच्या रकान्यात पेट्रोलच्या जागी डिझेल अशी दुरुस्ती आहे. मिस्त्रींनी तर कागद न पाहताच सांगितले होते, "सर, गाडी डिझेल केलेली आहे. वडापला असणार." पश्चिम महाराष्ट्रात ज्यांनी वडापच्या जीपमधून प्रवास केला आहे त्यांना पुढचे सांगायला नको. पेट्रोल परवडत नाही म्हणून इंजिन बदलायचे, मागे समोरासमोर दोन बाक जोडायचे, बसणाऱ्यांचा भार पेलावा म्हणून पाटे वाढवायचे. आमच्या गाडीत हे सर्व झाले होते.

पहिले इंजिन गेले तरी त्याची खूण उरली, ती बॉनेटच्या उंचीत. या प्रकारची जीप, म्हणजे विलीजने १९५३ मध्ये आणलेली सीजे-थ्रीबी, हिला आपल्याकडे 'हाय बॉनेट' म्हणतात. युद्धकाळातील जीपच्या इंजिनात हवा आत घेणारे आणि धूर बाहेर टाकणारे दोन्ही व्हॉल्व्ह खालच्या ब्लॉकमध्ये, बाजूला असत. नव्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये गेले. आकारमान तेच, २.२ लिटर, पण इंजिन उंच झाले आणि ते झाकण्यासाठी बॉनेट उचलावे लागले. आमच्या गाडीत आता प्यूजोच्या परवान्याखाली बनलेले २११२ सीसीचे डिझेल इंजिन आहे. त्याच्यासाठी कोणी नवे बॉनेट घडवलेले नाही, बॉनेट हरिकेनच्याच मापाचे आहे. ओवीचे यमक बिघडलेले दिसले की इथे पूर्वी दुसरा शब्द असावा अशी शंका संपादकाला येते. त्याच जातीचा हा पुरावा आहे.

आता 'मूळ रूपा'च्या आग्रहाकडे वळतो. अशी गाडी मिळाली की करायचे काय, याचा एक ठरलेला पाठ तयार झाला आहे. पत्रा वाळूच्या झोताने खरवडून पांढरा करायचा, खड्डे लांबीने भरायचे, लष्करी हिरवा रंग द्यायचा. मागचे बाक कापून भंगारात घालायचे. आणि शेवटी बॉनेटवर पांढरा तारा काढायचा! हा तारा दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकी सैन्याचा. १९६८ साली मुंबईत तयार झालेल्या आणि आयुष्यभर तालुक्याच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. काही उत्साही मंडळी पुढची सात फटींची जाळी काढून नऊ फटींची बसवतात, कारण युद्धातील जीपला नऊ होत्या. शिवकालीन म्हणून पुढे केलेल्या बखरीत 'आगगाडी' हा शब्द सापडावा तसा हा प्रकार आहे. बखरीच्या बाबतीत आपण लगेच हसतो. गाडीच्या बाबतीत मात्र 'काय सुंदर रिस्टोअर केली आहे!' म्हणतो.

मला यात खटकते ते केवळ खोटेपण नव्हे. हौसेने कोणी गाडीला काहीही रंग द्यावा, तो त्याचा प्रश्न. खटकते ते हे की या 'मूळ रूपा'च्या नावाखाली गाडीचे खरे आयुष्य पुसले जाते. कुठल्याशा तालुक्याच्या गावी, हातात असतील त्या साधनांनी, दुसऱ्याच इंजिनासाठी सांगाड्यावर नवे आधार जोडणारा तो अनामिक मिस्त्री या गाडीच्या घडणीत कारखान्याइतकाच सहभागी आहे. वेल्डिंगचा जोड पाहून 'हा डावखुऱ्या माणसाचा हात आहे' असे आमच्या मिस्त्रींनी एकदा सांगितले. हस्ताक्षरावरून लेखनिक ओळखणाऱ्या पोथीतज्ज्ञाचीच ही विद्या. इंग्लंडमध्ये जुन्या चर्चवास्तू 'मूळ रूपात' आणण्याच्या नादात मधल्या शतकांचे काम खरवडून टाकले जाऊ लागले, तेव्हा १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिला गमतीने 'खरवडविरोधी' असे नाव पडले होते. आपल्याकडे वास्तूंसाठीही अशी जागरूकता बेताचीच, मग गाड्यांची कथा काय?

भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा इथे खरा उपयोग आहे. हे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. १,२५९ हस्तलिखिते विचारात घेतली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ मध्ये सूत्रे हाती घेतल्यावर त्याची जी पद्धत बसवली तिच्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. एक, सिद्ध केलेली संहिता हे व्यासांच्या हातचे मूळ आहे असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जितके जाता येते तितके जाणे, एवढेच म्हटले. दोन, जे पाठ संहितेत घेतले नाहीत ते फेकले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत छापले. संपादकाचा निर्णय कोणाला पटला नाही तर वाचक स्वतःचा निर्णय करू शकतो, इतके साहित्य त्याच्या हाती राहिले.

याच्या शेजारी एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेले ज्ञानेश्वरीचे शुद्धीकरण ठेवून पाहावे. नाथांनी भ्रष्ट झालेली पोथी वाचनीय केली, हे ऋण फार मोठे आहे. पण त्यांनी काय नाकारले हे त्यांच्या प्रतीवरून कळत नाही. त्यासाठी राजवाड्यांना वेगळी पोथी शोधावी लागली, ती १९०९ मध्ये छापावी लागली, आणि तिच्यावरचे वाद अजून मिटलेले नाहीत. सोळाव्या शतकातील संतकवीकडून तळटिपांची अपेक्षा करणे हास्यास्पद ठरेल. एकविसाव्या शतकातील हौशी मिस्त्रीकडून मात्र ती करायला हरकत नसावी, कारण त्याच्या खिशात कॅमेरा असलेला फोन आहे.

शेडमध्ये आम्ही एक दोनशे पानी वही ठेवली आहे. प्रत्येक काढलेला भाग, तो कुठे होता, कसा बसवला होता, त्याच्या जागी काय आले, याची नोंद तिच्यात आहे. जुने भाग चिठ्ठी बांधून गोणपाटात ठेवले आहेत. डाव्या दाराजवळचा हाताएवढा पत्रा आम्ही पॉलिश पेपरने पायरीपायरीने घासला. वर पांढरा, त्याखाली निळा, त्याखाली करडा, तळाशी लाल ऑक्साइड. तेवढा भाग रंगकामात तसाच सोडणार आहोत. सहकाऱ्यांचे म्हणणे असे की चारही रंगांच्या तारखा लागल्याशिवाय ही नोंद अपुरी आहे. इतिहासवाल्यांना तारखेवाचून झोप येत नाही!

पोथी आणि गाडी यांची तुलना एका ठिकाणी मात्र थांबते, आणि ती जागा लपवण्याचे कारण नाही. चुकीच्या पाठाने कोणाचा जीव जात नाही, ब्रेकने जातो. या गाडीच्या जुन्या रचनेत चारही चाकांचे ब्रेक एकाच मास्टर सिलिंडरवर आणि एकाच तेलमार्गावर होते. एक नळी फुटली की पाय थेट तळाला. ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे यांच्यापुरता पुरातनाचा मोह बाजूला ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जे झिजले ते नवेच घालावे, आणि दोन स्वतंत्र मार्गांचा मास्टर सिलिंडर परवानगीने बसवता येत असेल तर तो बसवावा. दुरुस्तीला विरोध नाहीच. या गाडीचा सगळा इतिहासच दुरुस्तीचा आहे. ती केली हे दिसावे आणि सापडावे, एवढेच म्हणणे.

आता नियमाची बाजू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटलेले खाजगी वाहन त्यात बसते. नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती यांसाठी गाडी बाहेर काढता येते. जतनाची दखल सरकारने घेतली हे चांगलेच झाले. पण अट अशी की वाहन मूळ रूपात असावे आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ही अट कोणाला पेलते? संस्थानिकाच्या गॅरेजमध्ये कापडाखाली झाकून राहिलेल्या मोटारीला. ज्या जीपने सरकारी कामे केली, लिलाव पाहिला, पोट भरण्यासाठी डिझेल झाली आणि माणसे वाहिली, तिला नाही. तिला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणाऱ्या साध्या नूतनीकरणाच्याच रांगेत उभे राहावे लागते, आणि त्याचे शुल्कही २०२२ मध्ये ६०० रुपयांवरून एकदम ५,००० वर गेले.

यातून एक विचित्र प्रलोभन निर्माण होते. १९८९ चे डिझेल इंजिन काढून कुठून तरी हरिकेन इंजिन मिळवायचे, बाक कापायचे, जोड घासून गुळगुळीत करायचे आणि गाडी जणू पहिल्यापासून अशीच होती असे दाखवायचे. म्हणजे जतनासाठी केलेला नियमच पुरावा नष्ट करण्याला बक्षीस देतो. बेलगाम फेरफारांना आळा हवा हे मान्य आहे. कलम ५२ त्यासाठीच आहे. पण जो फेरफार त्या काळच्या रीतसर परवानगीने झाला, ज्याची आरसी बुकात नोंद आहे आणि जो स्वतःच तीसपस्तीस वर्षांचा आहे, त्याला इतिहासाचा भाग मानण्यात अडचण कोणती? महाभारताच्या संपादकांनी उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील दोन्ही परंपरा ग्राह्य साक्षी मानल्या. परिवहन खात्याने वडापची परंपरा मानावी, ही मागणी त्यामानाने फार किरकोळ आहे.

मागच्या बाकांबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. मिस्त्री म्हणतात, "सर, गंजलंय सगळं, काढून टाका." उजवीकडचे दोन लोखंडी कोन खरोखरच हाताने मोडतील इतके कुजले आहेत, ते त्याच मापाचे नवे घालायचे आणि जुने वहीतल्या क्रमांकासह गोणपाटात ठेवायचे, इथवर आलो आहोत. सध्या काम अडले आहे ते पुढच्या उजव्या चाकाच्या किंगपिनपाशी. बेअरिंग नाना पेठेत मिळाले, त्याखालच्या पातळ चकत्या मिळाल्या नाहीत. लेथवाल्याने सोमवारी बोलावले आहे.